अमेरिकन पर्सिमन लावताय? मग टेंभुर्णीही लावा: दोघींच्या जाती ओळखण्यापासून कलमापर्यंत

हल्ली नागपुरात ज्याच्याकडे थोडीबहुत जागा आहे, बेसा-बेलतरोडीकडे मोठा प्लॉट म्हणा नाहीतर काटोल रोडला दोन-चार एकर वावर म्हणा, तो कधीतरी विचारतोच की अमेरिकन पर्सिमन आपल्याकडे येईल का. लोकं मोबाईलवर व्हिडिओ पाहून राहिले, ऑनलाइन नर्सऱ्यांमध्ये रोपं दिसून राहिली, फोटोत नारिंगी फळांनी लगडलेलं झाड असतं आणि किंमत पण दणकून असते. माझं म्हणणं असं आहे की हौस असेल तर एखादं लावा, पण काय लावून राहिलो ते नीट ओळखून लावा, आणि त्याच्यासोबत आपली टेंभुर्णी, म्हणजे तेंदू, नक्की लावा. दोन्ही एकाच घराण्यातली झाडं आहेत, डायोस्पायरॉस. फरक एवढाच की अमेरिकेतल्या लोकांनी रानातल्या पर्सिमनमधून चांगली चांगली झाडं हुडकली, त्यांची कलमं केली, नावं दिली, आणि आपल्याकडे तेंदू म्हटलं की सगळ्यांना फक्त बिडीचा पत्ता (पान) आठवतो, फळाकडे कोणी बघतच नाही. त्यांची पद्धत उचलून आपल्या झाडाला लावायची, एवढंच काम आहे, आणि ते घरच्या बागेत करता येतं.

आधी ओळख पक्की करा

दिवाळीच्या आगेमागे गोकुळपेठ किंवा बर्डीवर फळवाल्याकडे जे मोठं नारिंगी, चकचकीत सालीचं फळ दिसतं, ज्याला कोणी अमरफळ म्हणतं कोणी जापानी फळ म्हणतं, ते अमेरिकन पर्सिमन नाही. ते काकी, म्हणजे जपानी-चिनी पर्सिमन, आणि आपल्याकडे बहुतेक हिमाचलातून येतं. त्यात पण दोन तऱ्हा आहेत, फुयूसारखं चपटं फळ कडक असतानाच कापून खाता येतं आणि हाचियासारखं लांबट, टोकदार फळ पूर्ण लिबलिबीत झाल्याशिवाय तोंडात घेता येत नाही.

अमेरिकन पर्सिमन, डायोस्पायरॉस व्हर्जिनियाना, याचं फळ बरंच लहान असतं, दोन ते पाच सेंटिमीटर, आणि ते मऊ होईपर्यंत तुरटच असतं, कडक खाता येईल अशी जात त्यात नाहीच. पान काकीपेक्षा अरुंद, टोकाला निमुळतं, खालून फिकट. काकीचं पान रुंद, जाड आणि वरून तकतकीत. तिसरं एक लोटस नावाचं आहे, डायोस्पायरॉस लोटस, त्याची फळं जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरची आणि पिकल्यावर निळसर काळी पडतात. हे नाव लक्षात ठेवा कारण काकीची कलमं बरेचदा लोटसच्या खुंटावर बांधलेली असतात, वरचं कलम मेलं की खालून खुंट फुटतो आणि माणूस वर्षानुवर्षं त्यालाच पर्सिमन समजून पाणी घालत राहतो.

आणि चौथी आपली टेंभुर्णी, डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. साल काळपट, चौकोनी तुकड्यांत तडकलेली, अगदी मगरीच्या पाठीसारखी, आणि गंमत म्हणजे अमेरिकन पर्सिमनची जुनी साल पण हुबेहूब तशीच दिसते. पान चामड्यासारखं जाड, कोवळं असताना तांबूस आणि दोन्ही बाजूंनी लव असलेलं, बोटानं चोळलं की लव लगेच कळते. फळ तीन-चार सेंटिमीटरचं, पिकलं की पिवळं. फळाच्या देठाशी जी टोपी चिकटलेली असते ती उलटी करून पाहा, अमेरिकन आणि काकीच्या टोपीला चार पाकळ्या असतात, टेंभुर्णीत पाच-सहा पण सापडतात. रोप विकत घेताना फळ समोर नसतं म्हणून पानावरच भिस्त ठेवा, आणि खोडावर खाली कलमाची गाठ दिसते का ते बघा. गाठ नसेल तर ते बियांपासूनचं रोप आहे, मग लेबलवर जातीचं कितीही भारी नाव असो, ती जात नाही, कारण बियांतून आलेलं झाड आईसारखं निघत नाही.

अमेरिकन जाती, थोडक्यात पण कामाचं

जाती म्हणजे तिकडे रानात सापडलेली नाहीतर संकरातून निवडलेली एकेक झाडं, ज्यांची पुढे कलमं झाली. सगळ्यात जुनं आणि महत्त्वाचं नाव अर्ली गोल्डन, १८८० च्या सुमारास इलिनॉय राज्यातल्या आल्टनजवळ सापडलेलं, लवकर पिकणारं, आणि नंतरच्या कितीतरी जातींचं रक्त यातूनच आलं आहे, गॅरेटसन आणि किलन ही दोन त्यातलीच. मीडर ही न्यू हॅम्पशायरच्या एल्विन मीडर यांनी निवडलेली, कडाक्याची थंडी सोसते आणि नर झाड जवळ नसलं तरी फळ धरते. येट्स इंडियानाची, ती पण नराशिवाय फळते आणि मग फळात बिया जवळपास नसतात. जॉन रिक मोठ्या फळाची आणि चवीला नावाजलेली, प्रॉक पण मोठ्या फळाची. इलिनॉयचे जेम्स क्लेपूल यांनी तर आपल्या बागेत शेकड्यांनी रोपं वाढवून, प्रत्येकाच्या नोंदी ठेवून निवड केली, आज तिकडे नंबरानं ओळखल्या जाणाऱ्या बऱ्याच जाती त्यांच्या बागेतून निघाल्या. काकी आणि अमेरिकन यांचा संकर पण आहे, रोसेयांका, तो क्रिमियातल्या निकिता वनस्पती उद्यानात झाला. इंडियानातल्या मिचेल गावात १९४७ पासून पर्सिमनचा उत्सव भरतो, पुडिंगची स्पर्धा असते, म्हणजे रानातल्या फळाला गावाचा मान मिळाला की काय होतं ते बघा.

ही झाडं एकमेकांपासून ओळखतात कशावरून, ते आपल्या जास्त कामाचं आहे. फळ कधी पिकतं, आपोआप गळतं की फांदीवरच राहतं, आकार गोल की चपटा, सालीचा रंग, गराचा रंग पिवळा की लालसर, बिया किती, टोपी फळापासून सहज सुटते की गर सोबत ओढून घेते, आणि झाड नर की मादी. बस, एवढंच. एका फोटोवरून जात सांगणारा माणूस मिळाला तर त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका, सगळे गुण एकत्र धरूनच जात कळते. आणखी एक भानगड आहे, अमेरिकन पर्सिमनच्या दोन वेगळ्या जमाती आहेत, एक ६० गुणसूत्रांची, जास्त करून दक्षिणेकडची, आणि एक ९० ची, उत्तरेकडची, नावाजलेल्या जाती बहुतेक ९० वाल्या. एकीचा नर दुसरीच्या मादीला नीट कामाला येत नाही, म्हणून नर-मादी लावताना जमात जुळली पाहिजे.

नागपुरात जमेल का

उन्हाच्या नावानं लगेच नाही म्हणता येत नाही, कारण हे झाड तिकडे फ्लोरिडापर्यंत रानात उगवतं. पण फ्लोरिडाची गरमी दमट आहे, आपला मे महिना कोरडा, पारा ४५ च्या वर, कधी ४७ च्या पण वर, आणि वरून लू. त्या हवेत पातळ पान कडेनं करपतं, नवतपा लागला की कोवळं रोप तर अक्षरशः भाजून निघतं. दुसरी अडचण हिवाळ्याची आहे. या झाडाला पानं झडल्यावर थंडीचे तास लागतात, ७ अंशांखालचे साधारण २०० ते ४००, आणि आपल्याकडे एखाद्या रात्री पारा खाली जातो पण तेवढे तास भरत नाहीत. थंडी पुरली नाही की फांदीवरचे डोळे (कोंब) उशिरा आणि अर्धवट फुटतात, फूल कमी येतं. म्हणून मी म्हणतो की हौसेला एक झाड ठीक, पूर्वेकडच्या बाजूला जिथं दुपारनंतर भिंतीची सावली येते तिथं लावा, पहिले दोन-तीन उन्हाळे हिरवी जाळी बांधा, बुडाशी तणस किंवा वाळक्या पाल्याचा जाड थर द्या. त्याच्यावर बागेचा हिशोब मात्र बसवू नका.

अजून एक गोष्ट कळकळीनं सांगतो. अमेरिकेत मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण असते, येताना बॅगेत चार काड्या नाहीतर बिया घेऊन ये म्हणणं फार सोपं असतं, पण ते करू नका. बाहेरच्या देशातून रोपं, काड्या, बिया आणायला २००३ च्या प्लँट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं. आपल्या संत्र्यानं रोग पुरेसे भोगले आहेत, अजून एखादा रोग आपल्या हातानं टेंभुर्णीच्या जंगलाशेजारी आणून ठेवायची गरज नाही.

आता टेंभुर्णी: चांगलं झाड कसं हुडकायचं

इथं मी जरा जास्त लिहिणार आहे कारण खरी मेहनत आणि खरी मजा इथंच आहे.

उन्हाळ्यात एप्रिलपासून रामटेक, पारशिवनी, उमरेड बाजूच्या बाया टोपल्यात चारं, टेंभरं घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. सगळी टेंभरं सारखी वाटतात, पण चार टोपल्यांतली चार-चार फळं घेऊन खाऊन बघा, फरक जमीन-अस्मानाचा निघतो. माझ्या मामाचं वावर देवलापारकडे आहे, तिथं एकाच धुऱ्यावर (बांधावर) दोन टेंभुर्ण्या आहेत, मधात जेमतेम पंधरा पावलांचं अंतर. एकीचं फळ फोडलं की आत सहा-सात चपट्या तपकिरी बिया एकमेकींना चिकटून बसलेल्या, त्यांच्यावर गराचा पातळसा लेप, चाखायला पण ओठांनी ओढावा लागतो. दुसरीचं फळ थोडं मोठं, आत दोन-तीनच बिया, साल अंगठ्यानं दाबली की पिवळा गर सरळ बाहेर येतो, गोड आणि सुगंधी, घशात काही अडकत नाही. आजूबाजूच्या लोकांना हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे, पोरं सगळी दुसऱ्याच झाडाखाली जमतात. तुम्हाला पण सुरुवात अशीच करायची आहे, गावातल्या पोरांना आणि गुराख्यांना विचारा की कोणत्या टेंभुर्णीची टेंभरं चांगली लागतात, ते थेट झाडापाशी नेऊन उभं करतील.

झाड सापडलं की नोंद ठेवा. मोबाईलवर लोकेशन पिन करून ठेवा, खोडाचा, पानाचा, फळाचा, कापलेल्या फळाचा फोटो काढा, फळाशेजारी पट्टी ठेवा. मग दहा पिकली फळं घ्या, किचनच्या वजनकाट्यावर तोला, गर काढून बिया धुवा, पुसा आणि बिया तोला. पहिल्या वजनातून दुसरं वजा केलं की गर आणि साल मिळून किती ते कळतं, आणि दोन झाडांची तुलना तोंडी गप्पांवर न राहता आकड्यावर येते. बिया पण मोजा, दहाही फळांच्या.

चव घ्यायची पण पद्धत आहे. फळ पूर्ण मऊ पाहिजे, सालीवर कुठं हिरवट डाग नको. एक खा आणि दोन मिनिटं पाणी न पिता थांबा, कारण तुरटपणा मागून येतो. कच्च्या फळातलं टॅनिन विरघळणारं असतं, ते थुंकीतल्या प्रोटीनला धरतं म्हणून तोंड आखडल्यासारखं होतं, पिकताना तेच टॅनिन घट्ट होऊन विरघळायचं थांबतं. काही झाडांत हे पूर्ण होतं, काहींत अर्धवट राहतं, फळ वरून पिवळंधम्म असलं तरी. ज्याचा तुरटपणा मागून येतो त्या झाडावर काट मारा, फळ कितीही मोठं असो.

फळ कधी पिकतं ते पण लिहा. अमेरिकेत उत्तरेकडे लवकर पिकणाऱ्या जातीला मान आहे कारण तिकडे बर्फ पडायच्या आत फळ हाती यायला पाहिजे. आपल्याकडे घाई पावसाची आहे, जूनमध्ये पाऊस लागला की गळलेलं फळ चिखलात जातं, फाटतं, त्यात अळ्या होतात. म्हणून मेच्या मध्यापर्यंत पिकणारं झाड मला जास्त मोलाचं वाटतं. आणि एका वर्षावर निकाल देऊ नका, दोन-तीन हंगाम तेच झाड भरघोस येतं का ते पाहा.

पक्कं झालं की नाव द्या. गावाचं द्या, धुऱ्याचं द्या, मालकाला विचारून त्याच्या आजीचं द्या, पण द्या. नावामुळं ते झाड दुसऱ्याला सांगता येतं, आणि ज्या झाडाला गावात नाव आहे त्याच्यावर कुऱ्हाड चालवताना माणूस विचार करतो.

दोन सावधगिऱ्या. पेंच, उमरेड-कऱ्हांडला किंवा कुठल्याही राखीव जंगलातून फांदी तोडू नका, रोप उपटू नका, हे काम वावरातल्या, धुऱ्यावरच्या, गावठाणातल्या झाडांवर मालकाला विचारून करा, आणि बिया पाहिजे असतील तर त्या बायांकडून फळ विकत घ्या, भाव न पाडता. दुसरं म्हणजे अस्वलाला हे फळ जीव की प्राण असतं, जंगलालगतच्या झाडाखाली पहाटे किंवा अंधार पडताना एकट्यानं जाऊ नका.

बी लावायचं की मुळाचा फुटवा

अमेरिकन पर्सिमनचं बी उगवण्याआधी दोन-तीन महिने ओल्या वाळूत फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, त्याशिवाय ते जागं होत नाही. टेंभुर्णीला असलं काही नको. गर पूर्ण धुऊन काढा, सावलीत एक-दोन दिवस सुकवा, उन्हात बिलकुल टाकू नका, आणि ताजं बी जूनच्या पहिल्या पावसात पेरा. वर्षभर डब्यात ठेवून पुढच्या वर्षी पेरायचा बेत करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं आहे सोटमूळ. बी रुजलं की आधी मूळ खाली घुसतं, वर दोन पानं दिसतात तोवर खाली वीतभर मूळ गेलेलं असतं. छोट्या काळ्या पन्नीत ते तळाशी गोल गोल फिरतं आणि असं रोप पुढे जन्मभर रडत राहतं. म्हणून शक्य असेल तर बी कायमच्या जागेवरच पेरा, एका आळ्यात तीन-चार बिया. पिशवीतच करायचं असेल तर निदान फूटभर खोल पिशवी घ्या आणि पहिल्याच पावसाळ्यात नाहीतर फार तर दुसऱ्या पावसाळ्यात जमिनीत लावा. वर वाढ दिसत नाही म्हणून खत टाकत बसू नका, रोप खाली काम करून राहिलंय, त्याला करू द्या.

मुळाचे फुटवे हा दुसरा मार्ग. तेंदूपत्त्यासाठी खुटकटाई, म्हणजे झुडपांची बुडाशी छाटणी, करतात तेव्हा बुडातून आणि मुळांतून जे धुमारे निघतात ते तुम्ही पाहिले असतील, ही या झाडाची मोठी ताकद आहे. फुटवा म्हणजे त्याच झाडाचा तुकडा, त्यामुळं आईचे गुण जसेच्या तसे येतात आणि मादी झाडाचा फुटवा मादीच निघतो. पण मूळ खोदून आईपासून तोडला की तो सहज जगत नाही, म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला आईकडच्या बाजूनं मूळ अर्धं कापा, माती ओढून घ्या, फुटव्याला स्वतःची बारीक मुळं सुटू द्या आणि पुढच्या पावसाळ्यात मातीच्या गोळ्यासकट उचला. आधीच कलम केलेल्या झाडाचा फुटवा मात्र खुंटाचा असतो, तो घेऊन काही उपयोग नाही.

खड्डा, माती, पाणी

टेंभुर्णी मुरमाड, बरड जमिनीची मैत्रीण आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काळी कसदार माती, पावसाळ्यात पाणी धरते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, त्या भेगांनी मुळं तुटतात. तिथं दोन-दोन फुटांचा खड्डा घ्या, निघालेल्या मातीत अर्धा मुरूम आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळा आणि रोप जमिनीपेक्षा वीतभर उंच उंचवट्यावर लावा म्हणजे बुडाशी पाणी साचणार नाही. दोन झाडांत पंधरा ते वीस फूट अंतर ठेवा, अमेरिकन पर्सिमनला पण एवढंच. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा खोल पाणी, रोज शिंतोडे नकोत, रोजच्या वरवरच्या पाण्यानं मूळ वरच राहतं. उधई दिसली तर खोडाभोवतीचा पाला थोडा दूर सारा आणि तिची मातीची नळी मोडत राहा. नंतर हे झाड तुमच्याकडे पाणी मागत नाही.

नर, मादी आणि कलम

ज्यांनी एकच झाड लावून फळाची वाट पाहिली त्यांच्या वाट्याला बरेचदा नर आलेला असतो. टेंभुर्णी आणि अमेरिकन पर्सिमन दोन्हींत नर वेगळा, मादी वेगळी. फूल उन्हाळ्यात नव्या फुटीवर येतं, ते जवळून बघा. नराची फुलं लहान आणि घोसात, एका जागी तीन किंवा जास्त, अमेरिकनमध्ये दोन-तीन. मादीचं फूल एकटं, जरा मोठं, मागची टोपी ठळक आणि मधात फुगीर बीजकोश. फूल येईपर्यंत रोपावरून नर-मादी सांगता येत नाही, कोणी पानाच्या आकारावरून सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. म्हणून बियांची निदान पाच-सहा झाडं लावा, नर निघाले तर उपटू नका. आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवा आणि बाकीच्या नरांवर तुमच्या निवडलेल्या मादीचं कलम बांधा, मुळं आधीच खोल गेलेली असतात त्यामुळं कलम जोमानं वाढतं.

कलमासाठी काडी फेब्रुवारीत घ्या, नवी पालवी फुटायच्या आत, गेल्या वर्षीची, पेन्सिलीएवढी जाड, डोळे टपोरे पण बंद. ओल्या फडक्यात गुंडाळा, पन्नीत घालून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, पन्नीवर झाडाचं नाव लिहा. खुंटावर पालवी फुटायला लागली आणि साल सहज सुटायला लागली की बांधायचं. पर्सिमनच्या घराण्यात काप हवेला लागला की टॅनिनमुळं पटकन काळा पडतो, म्हणून चाकू वस्तऱ्यासारखा पाहिजे, एका ओढीत सरळ काप पाहिजे आणि काप झाल्याबरोबर काडी बसवून पट्टी आवळली पाहिजे. पाचर कलम, म्हणजे काडीला पाचरीसारखं तासून खुंटाच्या चिरेत बसवणं, सगळ्यात सोपं, आंब्याला करतो तसंच. नंतर काडीवर पन्नीची बारीक टोपी आणि त्याच्यावर कागद, कारण मार्च-एप्रिलचं आपलं ऊन पन्नीच्या आत काडी उकडून काढतं. ज्यांच्या हाताला सवय नाही त्यांनी संत्र्याचे डोळे बांधणाऱ्या माणसाला धरा, वरुडकडे शेंदुरजना घाटला तर हे काम घराघरात चालतं, जंबेरी लिंबाच्या खुंटावर रोज डोळे भरणारा हात टेंभुर्णीवर पण चटकन बसतो.

कलमाखालून फुटणारे धुमारे दर पंधरा दिवसांनी खुडत राहा. छाटणी करायची तर पालवी फुटायच्या आधीच, नंतर नव्या फुटी कापल्या की फुलंच कापली गेली.

पानांवर बारीक गाठी किंवा फोड दिसतील, ते ट्रायोझा नावाच्या किडीचं काम, पत्त्याच्या व्यापाऱ्याला त्याचा त्रास आहे, फळाला फारसा नाही. औषधाचा पंप काढू नका, फूल असताना तर मुळीच नाही, मधमाशा मरतील आणि फळ धरणार नाही.

काढणी आणि गर

झाडावर चढून फळ तोडू नका. बुडाशी जुनी साडी नाहीतर नेट अंथरा आणि सकाळी गळलेली फळं उचला, अमेरिकेत पण असंच करतात. थोडं कडक असेल तर पिकलेल्या केळ्यासोबत डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. कच्चं किंवा अर्धकच्चं फळ उपाशीपोटी भरपूर खाऊ नका, लहान पोरांना तर देऊच नका, पर्सिमनच्या टॅनिनचा पोटात घट्ट गोळा होतो आणि दवाखान्यात जायची वेळ येते.

गर काढायला पुरणयंत्र सगळ्यात चांगलं. टोपी काढायची, मऊ फळं टाकून हलक्या हातानं फिरवायचं, साल आणि बिया वर राहतात, गर खाली उतरतो. मिक्सरमध्ये कधी टाकू नका, बी फुटलं की सगळा गर कडवट होतो. हा गर तसाच दह्यात, श्रीखंडात, कुल्फीत घाला, किंवा ताटाला तूप लावून पातळ पसरवून आंबापोळीसारखा वाळवा, मेच्या उन्हात दोन दिवसांत सुटून येतो. शिजवायचं असेल तर आधी चमचाभर गर गरम करून चाखा, काही झाडांचा तुरटपणा शिजवल्यावर परत वर येतो. अमेरिकन बाया पुडिंगमध्ये खायचा सोडा घालतात, तसा चिमूटभर इथं पण चालतो. उरलेला गर डब्यांत भरून फ्रीजरला टाका आणि प्रत्येक डब्यावर झाडाचं नाव आणि तारीख लिहा, दोन झाडांचा गर एका डब्यात मिसळू नका, पुढच्या उन्हाळ्यात कोणत्या झाडाच्या काड्या वाढवायच्या ते त्या डब्यांवरूनच ठरवायचं आहे.